ग्राफानाला इलास्टिकसर्च जोडताना आधी "कनेक्शन रिफ्यूज्ड", आता म्हणतो डेट फील्डच नाही

बघतो_करतो

मंडळी जरा मदत हवीय. ॲप्लिकेशनचे लॉग इलास्टिकसर्चमध्ये (डेटा साठवून त्यात शोधायचं इंजिन) जातायत, व्यवस्थित जातायत, शोधले की सापडतात. आता त्यावर ग्राफानाचा (डेटाचे ग्राफ दाखवणारं टूल) एक डॅशबोर्ड करायचाय, फार काही नाही, दर मिनिटाला किती रिक्वेस्ट आल्या, कुठली सर्व्हिस किती एरर देतेय आणि रिस्पॉन्सला किती वेळ लागतोय एवढंच, भिंतीवरच्या स्क्रीनवर लावून ठेवायचं. इलास्टिकसर्च 8 आहे, तो आणि ग्राफाना दोन्ही डॉकर कंपोजच्या एकाच फाइलीत आहेत, म्हणजे एका फाइलीवरून दोन वेगळे कंटेनर चालतात.

आधी डेटा सोर्सच्या यूआरएलमध्ये लोकलहोस्ट आणि 9200 पोर्ट टाकला तर "कनेक्शन रिफ्यूज्ड". गंमत म्हणजे त्याच मशीनवर टर्मिनल उघडून कर्ल मारला (कमांडने त्याच यूआरएलला विचारलं) की झटक्यात उत्तर येतं, म्हणजे सर्व्हर चालू आहे हे नक्की. मग लोकलहोस्टच्या जागी मशीनचा आयपी टाकला तर सर्टिफिकेटवरून कुरकुर, मग "स्किप टीएलएस व्हेरिफाय"वर टिक केली, तर आता म्हणतो @टाइमस्टॅम्प नावाचं डेट फील्डच सापडलं नाही. अरे आहे की! प्रत्येक लॉगमध्ये आहे, डोळ्यांना दिसतंय, तारीख आहे, वेळ आहे, अजून काय पाहिजे याला?

लॉग पाठवायला एक छोटी पायथन स्क्रिप्ट आहे, ती रोजचा वेगळा इंडेक्स (डेटाचा कप्पा) करते, नावात तारीख असते. मॅपिंग (कुठलं फील्ड कुठल्या प्रकारचं ते) वगैरे मी काही दिलेलं नाही, आपोआप झालंय ते. युजर सध्या इलास्टिक हाच टाकलाय, पहिल्यांदा चालू करताना जो पासवर्ड मिळाला होता तोच.

कंटेनरवाला

लोकलहोस्टचं आधी सांगतो, कारण तिथे निम्मी जनता अडकते. ग्राफाना कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या वेगळ्या बंद डब्यात आहे ना, मग त्याच्यासाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतःचा कंटेनर, तुमचं मशीन नाही. त्या कंटेनरमध्ये 9200वर कुणीच ऐकत नाही म्हणून रिफ्यूज्ड. तुमचा कर्ल बाहेरून, मशीनवरून चालतोय, त्यामुळे त्याला पोर्ट दिसतो. ब्राउझरवरून काही जात नाही, क्वेरी ग्राफानाचा सर्व्हर स्वतः मारतो, त्यामुळे "माझ्या ब्राउझरमध्ये तर उघडतंय" हा पुरावाही धरू नका.

एकाच कंपोज फाइलीत असाल तर मशीनचा आयपी कशाला, कंपोजमध्ये इलास्टिकसर्चच्या सर्व्हिसला जे नाव दिलंय तेच यूआरएलमध्ये टाका, पुढे 9200. आयपी बदलला की सगळं परत बोंबलणार नाहीतर. आणि सुरुवात एचटीटीपीएसनेच करा, इलास्टिकसर्च 8पासून सिक्युरिटी पहिल्यापासूनच चालू असते. साधं एचटीटीपी टाकलंत तर ग्राफानाकडे धड एररही येत नाही, कनेक्शन नुसतं तुटतं, आणि खरं कारण इलास्टिकसर्चच्या लॉगमध्ये पडलेलं असतं की एचटीटीपीएस चॅनेलवर साधं ट्रॅफिक आलं म्हणून बंद केलं. म्हणून अडलात की दोन्ही बाजूंचे लॉग बघा, फक्त ग्राफानाचा लाल डबा बघून काही कळत नाही.

आता ती "स्किप टीएलएस व्हेरिफाय"ची टिक. टेस्टिंगपुरती ठीक, पण ठेवू नका. इलास्टिकसर्चच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये सर्ट्स नावाचं फोल्डर आहे, त्यात सीएची (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याची) एक फाइल असते, तिच्यातला मजकूर जसाच्या तसा उचलून डेटा सोर्सच्या "विथ सीए सर्ट"मध्ये पेस्ट करा, बिगिन आणि एंडच्या ओळींसकट. एवढं करूनही नाव जुळत नाही म्हणून बोंबललं तर समजा की सर्टिफिकेटमध्ये ज्या नावांसाठी ते बनलंय त्यात तुमच्या सर्व्हिसचं नाव नाही. आपोआप बनलेल्या सर्टिफिकेटमध्ये डॉकरवर बहुतेक वेळा हेच होतं, कारण ते बनताना त्याला कंपोजमधलं नाव माहीतच नसतं. त्यावर इलास्टिकसर्चचंच सर्टयुटिल (सर्टिफिकेट बनवायचं टूल) आहे, त्याला डीएनएस नाव देऊन नवीन सर्टिफिकेट काढा.

पॅनेल_पुराण

एवढी मारामारी करण्यापेक्षा किबाना का नाही वापरत? इलास्टिकसर्चमधला डेटा दाखवायला त्याच कंपनीचं टूल आहे ते, जोडायला टोकन पेस्ट केलं की झालं.

कंटेनरवाला

@पॅनेल_पुराण नुसते लॉग चाळायचे असतील तर किबानाच बरं, वादच नाही. पण त्यांच्याकडे उद्या सर्व्हरचा सीपीयू, मेमरी प्रोमिथियसमध्ये (सर्व्हरचे आकडे गोळा करणारं टूल) असेल आणि ते आणि एरर एकाखाली एक बघायचे असतील तर ग्राफानाच लागतो. तसं बघायला गेलं तर ग्राफाना जन्मालाच 2014मध्ये किबाना 3चा फोर्क (त्याच कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती) म्हणून आला, त्यामुळे हे भांडण घरातलंच आहे.

शार्डोबा

खरा घोळ त्या टाइमस्टॅम्पमध्ये आहे, आणि तो ग्राफानात नाहीये, तुमच्या इंडेक्समध्ये आहे. ग्राफाना नुसतं फील्डचं नाव बघत नाही, मॅपिंगमध्ये त्याचा प्रकार डेट आहे का तेही बघतो. तुम्हाला डोळ्यांनी तारीख दिसतेय, इलास्टिकसर्चला ती नुसती अक्षरं दिसतायत.

मॅपिंग दिलं नाही की इलास्टिकसर्च पहिलं डॉक्युमेंट (पहिली नोंद) बघून अंदाज बांधतो. तारीख ओळखायचे त्याचे ठरलेले फॉरमॅट आहेत, आणि ते मोजकेच आहेत. आयएसओ फॉरमॅट, म्हणजे तारीख, मग मध्ये कॅपिटल टी, मग वेळ, हे तो ओळखतो. स्लॅशवाली तारीख काही ठरावीक रूपातच. तुमच्या स्क्रिप्टने तारीख आणि वेळेमध्ये साधी स्पेस टाकली असेल, म्हणजे 2025-03-14 10:22:05 असं, तर ते त्याच्या लेखी टेक्स्ट. मी पैज लावतो तुमचं तेच झालंय. इंडेक्सचं मॅपिंग मागवा आणि त्या फील्डचा टाइप काय लिहिलाय तो इथे सांगा.

दुसरी एक जात आहे जी याहून बेरकी आहे, कारण तिच्यात एरर येतच नाही. समजा तुम्ही मॅपिंगमध्ये टाइप डेट दिलात पण स्क्रिप्ट वेळ पाठवतेय सेकंदांत, ते 17 ने सुरू होणारे दहा आकडी नंबर असतात ते. डेट फील्ड नुसत्या नंबरला मिलिसेकंद समजतं, दुसरं काही सांगितलं नसेल तर. मग 1700000000 म्हणजे 20 जानेवारी 1970! डेटा सोर्सची टेस्ट हिरवीगार, डॉक्युमेंट आहेत, आणि तुम्ही "शेवटचे 6 तास" लावून रिकाम्या पॅनेलकडे बघत बसता. टाइम रेंज 1970पर्यंत मागे ओढली की डाव्या कोपऱ्यात एक उंच काठी दिसते, सगळा डेटा तिथे.

तिसरं टाइमझोन. पायथनमध्ये नुसती आत्ताची वेळ घेऊन आयएसओमध्ये पाठवली तर तिच्यासोबत झोन जात नाही, आणि झोन नसलेली वेळ इलास्टिकसर्च यूटीसी धरतो. ग्राफाना दाखवताना ती परत ब्राउझरच्या झोनमध्ये फिरवतो. तुमचं घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल तर तुमचे ताजे लॉग भविष्यात जाऊन पडतात आणि "शेवटची 15 मिनिटं" कायम कोरडी. मागे असेल तर उलटं, सगळं शिळं दिसतं. यावर उपाय म्हणून डॅशबोर्डचा टाइमझोन बदलून जुळवणारे लोक मी पाहिलेत, कृपया तसलं काही करू नका, दुसरा डेटा सोर्स आला की सगळं उसवतं. स्क्रिप्टमध्येच यूटीसीची वेळ झोनसकट पाठवा.

बघतो_करतो

@शार्डोबा पैज जिंकलात 😀 मॅपिंगमध्ये टेक्स्ट आहे, खाली कीवर्डही लिहिलंय. आणि स्क्रिप्टमध्ये मधे स्पेसच आहे, आणि झोन नाही.

@कंटेनरवाला सर्व्हिसचं नाव टाकलं, लगेच पोचला. सीए पेस्ट केल्यावर तुम्ही म्हणालात तसंच नावावरून अडलं, मग सर्टयुटिलने नवीन काढलं, आता टिकेशिवाय चालतंय.

मग आता मॅपिंगमध्ये टेक्स्टचं डेट करायचा प्रयत्न केला तर इलास्टिकसर्च सरळ नाही म्हणतो. आणि अजून एक, कर्लने एकूण किती नोंदी आहेत विचारलं तर 10000च सांगतो, त्याच्या कितीतरी पट लॉग गेलेत आत्तापर्यंत. बाकीचे गेले कुठे?

शार्डोबा

गेले नाहीत कुठे. इलास्टिकसर्च 7पासून सर्च करताना एकूण आकडा 10000पर्यंतच मोजतो आणि पुढे "इतके किंवा जास्त" असं म्हणून सोडून देतो, नीट बघा, आकड्याच्या शेजारी रिलेशन म्हणून जीटीई लिहिलेलं असेल. नेमका आकडा हवा तर काउंटची एपीआय वापरा किंवा सर्चमध्ये ट्रॅक टोटल हिट्स ट्रू करा. ग्राफानाच्या काउंटला याचा फरक पडत नाही, तो बकेटमधले (वेळेच्या किंवा गटाच्या प्रत्येक तुकड्यातले) आकडे घेतो.

मॅपिंगचं म्हणाल तर एकदा फील्डचा टाइप ठरला की त्या इंडेक्सपुरता तो बदलता येत नाही. नवीन इंडेक्स करून त्यात जुना डेटा रीइंडेक्स (म्हणजे कॉपी) करायचा, हाच रस्ता. तुमचं बरंय की रोजचा इंडेक्स वेगळा आहे, त्यामुळे एक इंडेक्स टेम्प्लेट (नव्या इंडेक्सना आपोआप लागणारं मॅपिंग) करा, त्यात @टाइमस्टॅम्प डेट म्हणून द्या, आणि उद्याचा इंडेक्स आपोआप बरोबर होईल. टेम्प्लेट आधीच्या इंडेक्सना लागत नाही हे लक्षात असू द्या, तो लावला आणि काहीच बदललं नाही म्हणून परत इथे येऊ नका.

जुन्यासाठी इंजेस्ट पाइपलाइन (नोंद साठवण्याआधी ती बदलणाऱ्या पायऱ्या) करा, त्यात डेट प्रोसेसर असतो, त्याला तुमचा स्पेसवाला फॉरमॅट सांगा आणि ती वेळ मुळात कुठल्या टाइमझोनची होती तेही सांगा, मग रीइंडेक्स करताना डेस्टिनेशनला ती पाइपलाइन जोडा. झोन सांगायला विसरलात तर सगळा इतिहास काही तास सरकलेला बसेल आणि तो परत करावा लागेल.

अजून एक, नवीन इंडेक्सचं नाव वेगळ्या प्रीफिक्सने सुरू करा आणि ग्राफानात तोच प्रीफिक्स आणि पुढे स्टार द्या. जुने टेक्स्टवाले आणि नवे डेटवाले एकाच स्टारखाली आले तर काही शार्ड (इंडेक्सचे तुकडे) फेल होतात, बाकीच्यांचं उत्तर येतं, आणि ते अर्धवट उत्तरच माणूस पूर्ण समजून मीटिंगमध्ये दाखवतो.

निवांत_ॲडमिन

कनेक्शनचं झालं असेल तर तो इलास्टिक युजर आधी काढा तिथून. तो सुपरयुजर आहे. त्याने इंडेक्स डिलीट करता येतात, युजर बनवता येतात, सगळंच. डॅशबोर्डला वाचण्यापलीकडे काही लागत नाही. एक रोल बनवा, क्लस्टरवर फक्त मॉनिटर, आणि तुमच्या त्या प्रीफिक्सच्या इंडेक्सवर रीड आणि व्ह्यू इंडेक्स मेटाडेटा, बस. यातली शेवटची परवानगी लोक विसरतात, मग फील्डची यादी येत नाही आणि परत "डेट फील्ड नाही"वर येऊन थांबतात. त्या रोलचा युजर किंवा एपीआय की ग्राफानाला द्या.

हे मी उगाच ताणत नाहीये. ओपन सोर्स ग्राफानात एखाद्याला फक्त व्ह्यूअर केलंत तरी तो त्या ऑर्गनायझेशनमधल्या डेटा सोर्सला स्वतःची क्वेरी पाठवू शकतो, फक्त तुम्ही बनवलेल्या पॅनेलपुरताच अडकलेला नसतो. पॅनेलमध्ये तुम्ही फक्त एररचा आकडा दाखवताय म्हणून बाकीचं झाकलं गेलं असं नाही. लॉगमध्ये ग्राहकांचे ईमेल, टोकन असलं काही जात असेल तर ते वेगळ्या इंडेक्समध्ये ठेवा आणि या रोलला तो इंडेक्स दाखवूच नका.

आणि कंपोजमध्ये 9200 बाहेर उघडा ठेवलाय का तेही बघा. ग्राफाना आतूनच बोलतोय, स्क्रिप्टही आतून चालवता येईल, मग बाहेर पोर्ट कशाला.

पॅनेल_पुराण

आमच्याकडे ओपनसर्च आहे, त्याला हेच सगळं लागू पडतं का?

शार्डोबा

मॅपिंग, वेळ, टाइमझोन हे सगळं तसंच, 2021मध्ये तो इलास्टिकसर्च 7.10वरूनच वेगळा झालाय. पण ग्राफानात त्याचा डेटा सोर्स प्लगइन वेगळा आहे, तो टाका. इलास्टिकसर्चच्या प्लगइनने जुळवत बसू नका.

बघतो_करतो

रोल केला, एपीआय की दिली, नवीन इंडेक्सवर टेस्ट हिरवी आली आणि रिक्वेस्टचा ग्राफ आला! आता दोन अडचणी. सर्व्हिसप्रमाणे ग्रुप करायला गेलो की फील्डडेटा डिसेबल्ड असं काहीतरी लांबलचक येतं. आणि रिस्पॉन्स टाइमचं ॲव्हरेज लावायला गेलो तर ते फील्ड यादीतच येत नाही. स्क्रिप्ट ते "245 ms" असं लिहिते.

शार्डोबा

पहिलं सोपंय. आपोआप मॅपिंगमध्ये प्रत्येक स्ट्रिंगचं दोनदा होतं, एकदा टेक्स्ट म्हणून, जे शब्द तोडून शोधायला असतं, आणि एकदा त्याच्या आत कीवर्ड म्हणून, जे अख्खंच्या अख्खं ठेवलेलं असतं. ग्रुप करायचं, सॉर्ट करायचं ते कीवर्डवर. म्हणजे सर्व्हिसच्या नावापुढे डॉट कीवर्ड निवडा. एररमध्ये जो सल्ला दिलाय की फील्डडेटा ट्रू करा, तो ऐकू नका, त्याने हीप मेमरी खाल्ली जाते. त्यापेक्षा टेम्प्लेटमध्येच सर्व्हिसला सरळ कीवर्ड करा, सर्व्हिसच्या नावात कुणी शब्द शोधणार आहे का?

दुसऱ्याला आडवळण नाही. "245 ms" ही अक्षरं आहेत, त्यांची सरासरी निघणार कशी. स्क्रिप्टमध्ये नुसता 245 लिहा आणि एकक फील्डच्या नावात टाका, मिलिसेकंद हे ग्राफाना पॅनेलच्या युनिटमध्ये दाखवेल. टेम्प्लेटमध्ये टाइप लाँग. जुन्यासाठी त्याच पाइपलाइनमध्ये जीसब प्रोसेसरने " ms" हे शेपूट काढा आणि कन्व्हर्ट प्रोसेसरने नंबर करा.

आणि ॲव्हरेज लावू नका हो. शंभरातल्या पाच रिक्वेस्ट दहा सेकंद लटकल्या आणि बाकीच्या पटापट झाल्या तर सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आसपास कुठेतरी बसते, म्हणजे ना त्या पाच जणांचं दुःख दिसतं ना उरलेल्यांचा वेग. पर्सेंटाइल घ्या (95 म्हणजे शंभरातल्या 95 रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत झाल्या ती वेळ), 50, 95 आणि 99, तिन्ही एकाच पॅनेलवर. हे पर्सेंटाइल अंदाजे असतात, पण डॅशबोर्डला पुरतात.

निवांत_ॲडमिन

भिंतीवरच्या स्क्रीनचं म्हणालात म्हणून, रिफ्रेश 5 सेकंद आणि रेंज 30 दिवस असं लावून ठेवू नका. प्रत्येक पॅनेल दर 5 सेकंदाला महिन्याचा डेटा चाळतं. स्क्रीनला 6 तास आणि रिफ्रेश 1 मिनिट भरपूर झालं.

आणि ग्रुपवर ग्रुप करतानाही आवरा. सर्व्हिस, त्यात होस्ट, त्यात एंडपॉइंट, आणि त्या प्रत्येकाचे वेळेचे तुकडे, हे सगळे गुणले जातात. एका रिक्वेस्टमध्ये बकेटची मर्यादा 65536 आहे, 20 सर्व्हिस, 20 होस्ट आणि 10 सेकंदाच्या हिशेबाने 6 तास घेतले तर 20 गुणिले 20 गुणिले 2160, म्हणजे साडेआठ लाखांच्या वर. टू मेनी बकेट्स म्हणून तोंडावर आपटेल. मर्यादा वाढवता येते, पण तिथे हात लावण्याआधी पॅनेल दोनात तोडा.

बघतो_करतो

सगळं दिसायला लागलंय, खरंच धन्यवाद. एकच विचित्र वाटतंय, एररचं पॅनेल एका तासाच्या रेंजवर सर्वात उंच टोकाला 12 दाखवतं आणि तेच पॅनेल एका आठवड्यावर नेलं की त्याच वेळेला शेकड्यात दाखवतं. यातलं खरं कुठलं?

शार्डोबा

दोन्ही खरे. इंटरव्हल ऑटो आहे ना? मग रेंज वाढली की एक बकेट मोठी होते, काही सेकंदांऐवजी अर्ध्या-एक तासाची, आणि काउंट म्हणजे त्या बकेटमध्ये पडलेले एकूण एरर. त्यामुळे उंची झूमवर अवलंबून. त्यात अलर्टचा थ्रेशोल्ड म्हणून कुणी त्या पॅनेलवर लाल रेघ मारली तर ती रेंज बदलली की निरर्थक.

डेट हिस्टोग्रामच्या इंटरव्हलमध्ये सरळ 1 मिनिट लिहा, मग आकडा "मिनिटाला इतके" असाच राहील. आठवड्याच्या रेंजवर तेव्हा एका रेघेत दहा हजारांच्या वर ठिपके होतात, आणि सर्व्हिसप्रमाणे फोडलंत की वरची बकेटची मर्यादा परत आडवी येते, म्हणून आठवड्यासाठी वेगळं पॅनेल करा, इंटरव्हल 1 तास, आणि शीर्षकातच "तासाला एरर" असं लिहून टाका म्हणजे स्क्रीनसमोरून जाणारा कुणीही तुम्हाला हाच प्रश्न विचारायला येणार नाही.

बघतो_करतो

केलं, दोन पॅनेल केली, शीर्षकंही बदलली. जुन्या लॉगचं रीइंडेक्स चालू आहे, पाइपलाइनमध्ये झोन टाकलाय.